गोड बोलून हल्ले थांबत नाहीत

लोणावळ्यात नुकत्याच झालेल्या एका कार्यक्रमात एका वक्त्यांनी रुग्णालयांतल्या हाणामाऱ्यांचे निदान दोन मिनिटांत उरकले. परिचारिकांच्या जिभेवर साखर राहिली नाही, म्हणून नातेवाईक हात उगारतात. पूर्वीच्या सिस्टर सेवाभावी होत्या, त्यांच्या अंगावर कोणी जात नसे. आताच्या पगारी झाल्या. उपाय काय, तर दोन दिवसांचे संवादकौशल्याचे शिबिर. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मला भाषणापेक्षा त्या टाळ्यांचा संताप जास्त आला. मार खाणारीलाच माराचे कारण ठरवण्याची ही सवय घरातून निघून वॉर्डापर्यंत पोचली आहे.

रुग्णालयातला प्रत्येक आरडाओरडा हा एकाच जातीचा राग आहे, हे या मांडणीचे मूळ गृहीत आहे, आणि तेच सपशेल चूक आहे. पाय मोडला म्हणून दाखल झालेला पन्नाशीचा गडी घ्या. पहिले दोन दिवस शांत. तिसऱ्या रात्री हात थरथरतात, अंगाला घाम सुटतो, चादरीवरचे नसलेले किडे तो वेचू लागतो, सलाइन उपसून टाकतो आणि धरायला गेलेल्या सिस्टरला लाथ घालतो. बायको म्हणते, बाहेरचं काहीतरी लागलंय. शेजारचा म्हणतो, माजलाय. त्याला बाहेरचे काही लागलेले नाही आणि तो माजलेलाही नाही. रोजची दारू अचानक बंद झाली की दोन-तीन दिवसांत मेंदू असा पेटतो, आणि वेळेवर औषध मिळाले नाही तर माणूस जातो. त्याच्याशी सिस्टर कितीही गोड बोलली तरी त्याला दिसणारे किडे जाणार नाहीत. मधुमेही म्हातारी एकदम शिव्या देऊ लागली, तर आधी ग्लुकोमीटर लावायचा असतो. साखर उतरली की सज्जन माणूसही ओरबाडतो. आजोबांना काल नाव-गाव सांगता येत होते आणि आज ते मुलीला चोर म्हणताहेत, तेव्हा लघवीतला जंतुसंसर्ग, अंगातला ताप, रक्तातला ऑक्सिजन तपासायचा. हे ओळखणारी नजर दोन दिवसांच्या शिबिरात येत नाही. मानसिक आरोग्य परिचर्या हा विषय नर्सिंगच्या अभ्यासक्रमात आहे. पण परीक्षा झाली की त्याची उजळणी कोण घेतो? लोणावळा-मावळ भागातल्या माणसाला सरकारी मनोरुग्णालय म्हटले की पुण्याचा येरवडाच आठवतो. जणू मनाचा आजार तिथेच भरती होतो आणि हाडांच्या वॉर्डात कधी येतच नाही.

दुसरा राग दुःखाचा. लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात 30 जून 2024 रोजी एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, एक महिला आणि चार मुले. त्या दुपारची दृश्ये सगळ्या देशाने मोबाइलवर पाहिली. बुडालेल्याला रुग्णालयात आणतात तेव्हा पुढे काय होते, ते कोणी पाहत नाही. सहलीच्या ओल्या कपड्यांतला बाप दारात उभा असतो, घरून फोनवर फोन येत असतात. वॉर्डाच्या बोळात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गर्दीत, उभ्या उभ्या त्याला सांगितले जाते. तो एकदा हो म्हणतो आणि पुन्हा विचारतो, नीट बघितलं का? खरा भडका उडतो तो नंतर. अपघाती मृत्यू म्हणजे पोलीस, पंचनामा, शवविच्छेदन. तोवर मृतदेह ताब्यात मिळत नाही. हे सांगायला बहुतेक वेळा सिस्टरच पुढे असते. "सोन्यासारखं पोर गेलं, आता ते चिरायचंय तुम्हाला?" असे म्हणत जो हात उठतो, तो तिच्या बोलण्यावर उठलेला नसतो, ती सगळ्यांत जवळ उभी असते, इतकेच. तिथे तिने हसतमुख राहावे, ही सूचनाच अमानुष आहे.

पूर्वी कोणी हात लावत नव्हते म्हणे! मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर त्याच रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्याने 27 नोव्हेंबर 1973 रोजी हल्ला केला. शिक्षा झाली सात वर्षांची, तीही हल्ला आणि चोरीबद्दल. 18 मे 2015 रोजी त्या गेल्या, तोवर बेचाळीस वर्षे केईएमच्या परिचारिकांनी अंथरुणाला खिळलेल्या अरुणा यांना सांभाळले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविषयीच्या 2011 च्या निकालात त्या सेवेचा गौरव केला, आणि तेव्हापासून ही गोष्ट त्यागाची कथा म्हणून व्यासपीठांवरून सांगितली जाते. हल्ल्यानंतर मुंबईच्या परिचारिकांनी संप केला होता आणि कामाची सुरक्षित परिस्थिती मागितली होती, हा भाग मात्र गाळला जातो. सेवेला हार घालायचा आणि मागणी विसरायची, हा वाद तेव्हाचा आहे आणि अजून संपलेला नाही.

कायदा आहे ना, असे कोणी म्हणेल. आहे; महाराष्ट्राचा 2010 चा, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. तो लागतो मार बसल्यावर. आणि सुरक्षारक्षक वाढवा म्हणणाऱ्यांनी सांगावे, भ्रमात असलेल्या रुग्णाला दंडुका काय समजावणार?

करायचे काय, हेही सांगते. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे 97 वे कलम म्हणते की रुग्णाला बांधणे ही शिक्षा असता कामा नये, आणि माणसे कमी आहेत हे बांधण्याचे कारण होऊ शकत नाही. हे मनोरुग्णसंस्थांसाठी आहे. साध्या वॉर्डांनीही ते पाळावे. पण मग रात्रपाळीला एकटी सिस्टर ठेवता येणार नाही. आणि ओळखणारी नजर शिकवता येते; घरगुती अत्याचाराच्या बाबतीत तर ती वाट आधीच घालून दिलेली आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत या संस्थेने 2000 च्या सुमारास 'दिलासा' केंद्र उभे केले. जिन्यावरून पडले म्हणणारी बाई, आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देणारा तिचा नवरा, हे चित्र ओळखायला तिथे परिचारिकांना शिकवले गेले. ड्रेसिंगच्या निमित्ताने नवऱ्याला बाहेर थांबवायचे, दार लावायचे आणि मग विचारायचे, एवढी साधी ती रीत आहे.

मावळातल्या रुग्णालयांनी पावसाळ्याच्या तोंडावर एवढे तरी करावे. वाईट बातमी सांगायला दार लागणारी एक खोली, तिथे बसायला खुर्च्या, डॉक्टर आणि सिस्टर दोघे हजर, शवविच्छेदनाचे बोलायला पोलिसांबरोबर एक समाजसेवक. बिथरलेल्या रुग्णाची साखर, ऑक्सिजन आणि दारूची सवय तपासल्याची नोंद केसपेपरवर. आणि जिच्यावर हात उठला, तिला उरलेल्या पाळीतून सुटी, पगार न कापता.