न दिसणारा धूर

आमच्या कॉलेजात विज्ञान शाखा नाही. त्यामुळे कॅन्टीनमध्ये 'कार्बोरेटर' हा शब्द काढला, की भर कीर्तनात कुणी सिनेमाचे गाणे म्हटल्यासारखी मित्रमंडळी माझ्याकडे बघतात. मी तृतीय वर्ष कला शाखेचा विद्यार्थी, विषय मराठी वाङ्मय. पण वडिलांचे गॅरेज आहे, आणि वृत्ते-अलंकार शिकण्याच्या कितीतरी आधी मी दहा-अकराचा पाना ओळखायला शिकलो. तेव्हा कथा-कवितांच्या या गर्दीत थोडा पेट्रोलचा वास आला, तर प्राध्यापक मंडळींनी सांभाळून घ्यावे.

अण्णांची उमेद कार्बोरेटरवर गेली. त्याची करामत तशी साधी. इंजिन हवा ओढते ती एका निमुळत्या गळ्यातून. गळा अरुंद, म्हणून हवेचा वेग वाढतो. वेग वाढला की दाब घटतो. आणि दाब घटला की शेजारच्या वाटीतले पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून फवाऱ्यासारखे वर येते. थंडीच्या सकाळी चोक ओढायचा, म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त. अण्णा प्लग काढून नुसता रंग बघत. काळा असला तर पेट्रोल जास्त, पांढुरका असला तर कमी, फिकट तपकिरी असला तर जमले. मग स्क्रू पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे. सतार जुळवणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जो भाव असतो, तोच तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असे.

पण कितीही म्हटले तरी तो अंदाज. पेट्रोल पुरते जळायचे तर त्याच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो आणि काही पेट्रोल न जळताच बाहेर पडते. शिवाय आतल्या प्रचंड उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि त्याची ऑक्साइडे होतात. या तिघांत सर्वांत घातक जो कार्बन मोनॉक्साइड, त्याला ना रंग ना वास. काळा धूर दिसला की आपण नाकाला रुमाल लावतो. हा समोरून येतो तरी आपण गप्पा मारत उभे असतो.

आताच्या गाड्यांत अंदाज उरलेला नाही. किती हवा आत आली हे सेन्सर मोजतो आणि त्या हिशेबाने इंजेक्टर पेट्रोल सोडतो. खरी गंमत पुढे आहे. धुराच्या वाटेवर एक ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. जळून झालेल्या वायूत ऑक्सिजन उरला की नाही हे तो क्षणोक्षणी कळवतो, आणि त्याप्रमाणे छोटा संगणक पुढचा फवारा कमी-जास्त करतो. म्हणजे केलेल्या कामाचा परिणाम पाहून लगेच चूक सुधारायची. आमच्या परीक्षांचे निकाल इतक्या तत्परतेने लागते तर!

एवढे करूनही जे विष उरते, त्यासाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. सायलेन्सरच्या वाटेवरचा हा पत्र्याचा डबा. आत पोळ्यासारखी बारीक छिद्रांची चिनी मातीची वीट, आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा लेप. तिच्यातून जाताना कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या पेट्रोलचे तोच वायू आणि पाणी होते, आणि नायट्रोजनची ऑक्साइडे फुटून साधा नायट्रोजन मोकळा होतो. डबा चांगला तापल्याशिवाय मात्र हे घडत नाही, म्हणून गाडी सुरू केल्यानंतरची पहिली काही मिनिटे सर्वांत घाण. शिसे तर याचे हाडवैरी; त्याचा थर बसला की लेप निकामी. म्हणूनच १९९५ च्या एप्रिलपासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे नव्या पेट्रोल मोटारींना हा डबा सक्तीचा झाला, तेव्हा शिसेविरहित पेट्रोलही सोबत आणावे लागले. २००० साली शिशाचे पेट्रोल देशभर बंद झाले. शिसे विषारी आहे हे १९२१ साली ते पेट्रोलमध्ये घालायचा शोध लागला तेव्हाही ठाऊक होते, आणि रस्त्यावरच्या मोटारींसाठी ते विकणारा शेवटचा देश थांबला २०२१ साली. शंभर वर्षे!

आता जे सांगायचे आहे ते जरा अवघड आहे.

गेल्या वर्षी एक गिऱ्हाईक गॅरेजवर आले. गाडी ओढत नव्हती; कन्व्हर्टर आतून तुंबला होता. नव्याची किंमत ऐकून ते म्हणाले, "आतली वीट फोडून टाका ना, रिकामा डबा तसाच लावा." अण्णांनी दोन वेळा नाही म्हटले. तिसऱ्या वेळी फोडली. कन्व्हर्टरच्या मागे दुसरा सेन्सर असतो, तो लगेच चुगली करतो आणि समोर पिवळा दिवा लागतो. त्यालाही फसवायची युक्ती निघालेली आहे, तीही केली. पुढे कुठूनतरी गाडीला पीयूसीचा दाखला मिळाला. नळी धुराड्यात घातली होती का, हे मी विचारले नाही.

रात्री मी अण्णांशी भांडलो. पर्यावरणावरच्या निबंध स्पर्धेत मला नुकतेच दुसरे बक्षीस मिळाले होते, त्यामुळे शब्दांची ददात नव्हती. अण्णांनी हात धुतले, जेवायला बसले आणि एवढेच म्हणाले, "तुझ्या परीक्षेची फी त्याच पैशातून भरली."

यावर मला आजही उत्तर सुचलेले नाही. २०१५ साली उघडकीला आलेले फोक्सवॅगनचे प्रकरण मी त्यांना ऐकवले. जगभरातल्या सुमारे एक कोटी दहा लाख डिझेल गाड्या. तपासणी चालू आहे हे संगणकाने ओळखायचे, तेवढ्यापुरते सभ्य वागायचे आणि रस्त्यावर आले की मोकाट. अण्णा म्हणाले, "म्हणजे शिकलेली माणसेही हेच करतात." मला त्यांचे म्हणणे पटले नाही, आणि खोडूनही काढता आले नाही.

माझे मत असे, की हा प्रश्न आता यंत्राचा राहिलेला नाही. यंत्राने आपले काम केले; सेन्सर खरे तेच सांगतो. त्याला खोटे बोलायला शिकवणारे आपण आहोत, आणि म्हणून तो विज्ञान शाखेवर ढकलून आपल्याला सुटता येणार नाही. आमच्याच पार्किंगमध्ये पाहा. कंपनीचा सायलेन्सर काढून फटफटाट करणारा लावलेल्या गाड्या मी परवा मोजल्या. अकरा भरल्या. बऱ्याच मोटारसायकलींचा कन्व्हर्टर त्या काढलेल्या सायलेन्सरमध्येच असतो, हे त्यातल्या तिघा मालकांना मी विचारले; तिघांनाही ठाऊक नव्हते. त्यातल्या एकाने निबंध स्पर्धेत पहिले बक्षीस घेतले आहे.

तेव्हा विद्यार्थी मंडळाला विनंती, की यंदाच्या स्नेहसंमेलनात निबंध स्पर्धा ठेवायची तर ठेवा, पण एक दिवस तपासणीचे यंत्र मैदानात आणा आणि नळी खरोखर धुराड्यात घाला. आकडे फळ्यावर लिहा, प्राध्यापकांच्या गाड्यांचेसुद्धा. यंत्र हाताळायला माणूस हवा असेल, तर मी अण्णांना विचारून बघतो. ते येतील असे वाटते.