किणकिण आणि घणघण

भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचं गाव. या पितळेचे आवाज मराठीने किती बारकाईने ऐकलेत! लहान घंटी किणकिणते, मोठी घणघणते. धड भांडं खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द. घंटीच्या शब्दांत तर व्यंजन जड झालं की वस्तूही मोठी होते.

अमेरिकेतल्या लाकोटा भाषेत हीच किमया रंगांत दिसते. पिवळा, तांबूस-पिवळा आणि तपकिरी या तीन शब्दांत फक्त पहिलं व्यंजन बदलतं. उच्चार दातांकडून घशाकडे सरकतो, तसतसा रंग गडद होतो.

मराठीत परतायचं तर, मोल्सवर्थच्या १८५७च्या मराठी-इंग्रजी कोशात असे नादशब्द भरपूर आहेत. भंडाऱ्याकडच्या, वैनगंगेकाठच्या झाडीबोलीतलेही तितक्याच आस्थेने टिपायला हवेत. आणि ते कानांनी, भांडी ठोकणाऱ्या कारागिराशेजारी बसून.