आधी दोष शोधावा, मग भाग बदलावा

कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९३४ च्या हिवाळ्यात बर्फाने रस्ते बुजले आणि जोझेफ-आर्मां बोंबार्दिए यांच्या आजारी बालकाला रुग्णालयात नेता आले नाही, ते दगावले. पुढे त्यांनी बर्फावर धावणारी वाहने घडविली. १९५९ साली त्यांची छोटी ‘स्की-डू’ निघाली. असे स्नोमोबाईल निर्जन हिमप्रदेशात बंद पडले, तर प्रश्न सोयीचा नसून प्राणांचा असतो.

अशा वेळी घाबरून एकामागून एक भाग बदलीत सुटणे हा, माझ्या मते, निव्वळ अविचार होय. प्रथम इंजिन बंद करण्याचे बटण चुकून दाबलेले नाही ना, हे पाहावे. मग बॅटरी : १२ व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. कडाक्याच्या थंडीत तिची शक्ती घटते. नंतर फ्यूज, सैल वा गंजलेले जोड आणि स्पार्क प्लग तपासावेत. वारंवार जळणाऱ्या फ्यूजच्या जागी अधिक क्षमतेचा फ्यूज बसविणे म्हणजे ओरडणाऱ्या पहारेकऱ्याचेच तोंड बांधणे!

विद्यार्थिमित्रांनो, गणिताचे उत्तर चुकले म्हणून आपण वही फाडीत नाही. चूक कोणत्या पायरीवर झाली, ते शोधतो. यंत्रापुढेही हीच शिस्त हवी.