नारायणगावची राहुटी अन् आपल्या जत्रेची सुपारी

पुणे-नाशिक रस्त्यावरचं, जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव. कुणी ते टोमॅटोच्या बाजारामुळे ओळखतं. पण यात्रा कमिटीतल्या जुन्या माणसाला विचारा, तो सांगेल 'तमाशाची पंढरी'. गुढीपाडव्याच्या आधी इथं तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी गाड्या करून येतात. चहा होतो, तारीख निघते, मग पैशाची घासाघीस. जमलं की सुपारी फुटली.

हे गाव विठाबाई नारायणगावकरांचं. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हातून त्यांचा सन्मान झाला. आज राज्य सरकार त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. पण बाईंचे शेवटचे दिवस हलाखीतच गेले. २००२ साली त्या गेल्या. मान मोठा अन् हाती काही नाही, ही गोष्ट तमाशात नवी नाही.

फडाचं सगळं गणित चैत्र-वैशाखातल्या जत्रांवर चालतं. २०२० साली नेमक्या पाडव्याला, २५ मार्चला, देशभर लॉकडाऊन लागला. २०२१ साली पाडव्याच्या दुसऱ्याच दिवसापासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध आले. लागोपाठ दोन हंगाम बुडाले. कलाकारांना द्यायची उचल, ट्रकचं डिझेल, जनरेटर, तंबू हा खर्च मात्र कुणाला चुकत नाही.

दुसरी अडचण वेळेची. रात्री दहानंतर स्पीकरला बंदी आहे, सवलतीचे दिवस मोजकेच. आधी गण, मग गवळण, बतावणी, रंगबाजी अन् शेवटी वग, असा तमाशाचा क्रम. आपल्याकडं कार्यक्रम उभा राहायलाच नऊ वाजतात. मग कात्री लागते ती वगाला. उरतात सिनेमाची गाणी. पोरं म्हणतात, मग तमाशा कशाला, डीजेच आणू. त्यांचंही काय चुकलं? अख्खा वग त्यांनी पाहिलेलाच नाही.

म्हणजे तमाशा टिकणार की नाही, हे निम्मं तरी आपल्या कमिटीच्या हातात आहे. यंदा नारायणगावला गेलात तर राहुटीत बसूनच तीन गोष्टी ठरवा. पडदा सातला उघडायचा, पालखी अन् सत्कार त्याआधी उरकायचे. वग कोणता ते आधी विचारायचं, अन् तो पुरा करायला लावायचा. पैसे किती, कधी, अन् पावसानं खेळ मोडला तर काय, हे कागदावर घ्यायचं. दुसऱ्या दिवशीची हजेरी दिवसाच असते, तिला पोराबाळांना आवर्जून न्या.

ढोलकीवर थाप पडली की मोबाईल खिशात जातो की नाही, ते तिथं स्वतःच बघा.