शर्ट कुणी शिवला, हे आपणही विचारायला हवं



२४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसं गेली. तिथे 'जो फ्रेश'चेही कपडे शिवले जात. हा ब्रँड लोब्लॉचा, आणि लोब्लॉचं मुख्यालय आपल्या ब्रॅम्पटनमध्ये. कंपनीने पुढे नुकसानभरपाई दिली, सुरक्षा करारावर सही केली, हे मान्य. पण पीडितांचा ओंटारियोतला दावा २०१७ मध्ये फेटाळला गेला, अपिलातही टिकला नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकायलाच नकार दिला.

मी ग्राफिक डिझायनर. "आपण फक्त चित्रं काढतो," असं आमच्या धंद्यात म्हणतात. मला ते पटत नाही. स्वस्त शर्ट हवाहवासा वाटावा म्हणून तर आम्हाला पैसे मिळतात!

२०२४ पासून कॅनडात सक्तीच्या मजुरीविरुद्ध आणि बालमजुरीविरुद्ध कायदा आहे. मोठ्या कंपन्यांना दरवर्षी ३१ मेपर्यंत अहवाल द्यावा लागतो. तो कुणालाही वाचता येतो. पण कायदा अहवाल मागतो, सुधारणेची सक्ती करत नाही. म्हणून काम घेण्याआधी मी तो वाचते आणि विचारते: माल कुठे बनतो? तपासणीत इमारत पाहिली का? राणा प्लाझात तपासण्या झाल्या होत्या, पण इमारतीची मजबुती त्यात नव्हतीच.

उत्तर टाळलं, तर काम नाही. घराचे हप्ते मलाही आहेत. एकटीने विचारलं तर ग्राहक दुसरीकडे जातो. दहाजणांनी विचारलं, तर त्याला उत्तर शोधावं लागेल. तुम्ही विचाराल?