सायकलपटूंचा सराव : तास की तीव्रता?

नाशिक शहराने गेल्या दशकात सायकलस्वारीत जो लौकिक मिळवला, तो प्रामुख्याने दीर्घ पल्ल्याच्या स्वारीचा आहे. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका खंड पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पुरी केली. २०१७ साली त्या वेळी नाशिकमध्ये असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने, बारा दिवसांच्या मर्यादेत संपवली. या पराक्रमांचा अभिमान कोणाही नाशिककराला वाटावा असाच आहे. परंतु त्यातून एक समजूतही रुजली. जो जास्त तास खोगिरावर बसेल तो मोठा सायकलपटू, ही ती समजूत. डांबरी महामार्गावरच्या दीर्घ शर्यतीपुरती ती बव्हंशी खरी आहे. डोंगरवाटेवरच्या सायकलस्वारीला ती जशीच्या तशी लावली की मात्र तरुणांची उमेदीची वर्षे वाया जातात, हे सांगण्यासाठी हा लेख.

माझ्या वर्गात शेवटच्या वर्षाला असलेला एक विद्यार्थी गेल्या वर्षी व्याख्यानात डुलक्या घेऊ लागला. चौकशी केली तेव्हा कळले, की स्वारी रोज पहाटे नाशिक रोडहून सिन्नरपर्यंत सायकलने जाऊन परत येते. घरची स्थिती बेताची, सायकल जुन्या बाजारातली, आणि डोळ्यांपुढे ध्येय आडवाटेच्या राज्य पातळीवरील शर्यतीचे. कोणा जाणत्याने त्याला सांगितले होते, “किलोमीटर वाढव, दम आपोआप येईल.” त्याने किलोमीटर वाढवले. शर्यतीच्या दिवशी पहिल्याच चढावर तो मागे पडला, आणि पुढे वाट अरुंद झाल्यावर त्याला कोणालाही ओलांडता आले नाही. “सर, माझा दम संपलाच नव्हता, पण वेगच येत नव्हता,” असे तो म्हणाला. त्याच्या या एका वाक्यात सगळे निदान आले आहे.

डोंगरवाटेची शर्यत हा मुळातच निराळा प्रकार आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील काही हौशी तरुणांनी जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावर नेऊन उतारावरून सोडायला सुरुवात केली, त्यातून या खेळाचा जन्म झाला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिकमध्ये आहे. तेथील शर्यत साधारण दीड तासात आटोपते. आरंभीच सगळे स्पर्धक एकदम सुटतात आणि पायवाट अरुंद होण्यापूर्वी पुढची जागा पकडण्यासाठी जीव तोडून पायडल मारतात. पुढे खडकाळ चढ येतो, तेथे मिनिट-दोन मिनिटे सर्वशक्ती पणाला लागते. मग उतार, की लगेच दुसरा चढ. उतारावर पायांना विसावा मिळतो, पण हात, खांदे आणि नजर यांना मिळत नाही. मुरुमावर ब्रेक किंचित जास्त दाबला तरी चाक निसटते. म्हणजे येथे शक्तीची मागणी सलग नसून झटक्याझटक्याने होते. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत ‘घाटाचा राजा’ निराळा निवडतात, यामागेही हेच शहाणपण आहे. सपाटीवरचा दम आणि चढावरचा जोर हे दोन वेगळे गुण होत.

मागणी जर तुटक असेल तर पुरवठ्याची तयारीही तुटकच हवी. यालाच ‘हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग’ म्हणतात. आपण त्याला तीव्र खंडित सराव म्हणू. थोडा वेळ जवळजवळ कमाल जोराने श्रम, मग ठरावीक विश्रांती, आणि पुन्हा तेच. ही कल्पना काही आजची नव्हे. १९३० च्या दशकात जर्मनीत गेर्शलर यांनी धावपटूंना ती शिकवली. त्यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ साली आठशे मीटरचा जागतिक विक्रम केला. ज्या १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीचे कांस्यपदक आणले, त्याच ठिकाणी एमिल झाटोपेकने तीन सुवर्णपदके जिंकली, आणि त्याचा सराव म्हणजे चारशे मीटरच्या जोरकस फेऱ्या व मध्ये संथ धावणे, असा होता.

शास्त्रज्ञांनी पुढे याचे मोजमाप केले. १९९६ साली जपानच्या इझुमी ताबाता यांनी तरुणांच्या एका गटाला स्थिर सायकलवर आठवड्यातून पाच दिवस तासभर मध्यम गतीने चालवायला लावले. दुसऱ्या गटाचा मुख्य सराव वीस सेकंद पराकाष्ठेचा जोर आणि दहा सेकंद विसावा, असे सात-आठ आवर्तनांचा होता. सहा आठवड्यांनी प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दोन्ही गटांत वाढली. मात्र क्षणिक जोराची क्षमता केवळ दुसऱ्याच गटात वाढली, सुमारे २८ टक्क्यांनी. २००६ साली कॅनडात मार्टिन गिबाला यांच्या चमूने दोन आठवड्यांत एका गटाकडून एकूण सुमारे साडेदहा तासांचा सराव करून घेतला आणि दुसऱ्याकडून विश्रांती धरून अडीच तासांचा. स्नायूंतील सुधारणा जवळपास सारखीच आढळली. हे प्रयोग मोजक्या तरुणांवर आणि थोड्या काळापुरते झाले, हे ध्यानात ठेवलेच पाहिजे. तरीही त्यांचा रोख स्पष्ट आहे.

अर्थशास्त्राच्या शिक्षकाला यात घटत्या सीमांत फलाचा नियम दिसला तर नवल नाही. एकाच गतीने चालवलेला पहिला तास जे देतो ते तिसरा तास देत नाही, तो केवळ थकवा देतो. शिवाय त्या तिसऱ्या तासाचा संधी-खर्च कोण मोजतो? माझ्या विद्यार्थ्याने तो झोपेने आणि अभ्यासाने मोजला. ज्याचे वडील खर्च पेलू शकतात त्या मुलाला वेळ विकत घेता येतो. त्याच्या सायकलची किंमत लाखाच्या घरात, मनगटावर ठोके मोजणारे घड्याळ. ज्याच्याकडे यातले काहीच नाही त्याच्यासाठी खंडित सराव ही खरोखर मोठी सवलत आहे, कारण त्याला लागते एक चढण आणि एक साधे घड्याळ. श्रमाची तीव्रता मोजायला यंत्रही नको. बोलताना दोन-तीन शब्दांपलीकडे वाक्य जात नसेल तर श्रम पुरेसे आहेत, सहज गप्पा मारता येत असतील तर ते विश्रांतीचे.

प्रत्यक्षात हा सराव कसा करावा? नॉर्वेतील संशोधकांनी २००७ साली धावणाऱ्यांवर तपासलेली चार मिनिटांची पद्धत चढावरच्या सायकललाही चांगली मानवते. आधी पंधरा मिनिटे हलके चालवून अंग तापवावे. मग चार मिनिटे जोराने चढावे, तीन मिनिटे सावकाश उतरावे किंवा फिरावे, अशी चार आवर्तने करावीत, आणि शेवटी दहा मिनिटे संथ. सारे तासाभराच्या आत आटोपते. आठवड्यातून दोनदा पुरे, मध्ये किमान दोन दिवसांचे अंतर. शर्यत जवळ आली की चार मिनिटांऐवजी तीस-चाळीस सेकंदांचे झटके घ्यावेत, आणि तेही मातीवर, कारण दमलेल्या अवस्थेत तोल सांभाळणे हे डांबरावर शिकता येत नाही.

आता दुसरी बाजू. आपल्याकडे कोणतीही गोष्ट चांगली म्हटली की ती रोज करावी असे वाटते. कित्येक जण हा सराव आठवड्यातून सहा दिवस, तोही चहाबिस्किटावर करू लागतात आणि दोन महिन्यांत गुडघा किंवा उमेद गमावतात. क्षमता वाढते ती विश्रांतीत, श्रमात नव्हे. श्रम ही केवळ मागणी नोंदवणे झाले. जगातील अव्वल सहनशक्तीपटूंच्या सरावाची पाहणी करणारे स्टीफन सायलर सांगतात, की त्यांची सुमारे ८० टक्के सत्रे हलकीच असतात. तेव्हा लांबच्या संथ फेरीलाही स्थान आहे, फक्त ती आठवड्याचा गाभा म्हणून रोज नको. आणि चाळिशी ओलांडलेल्या माझ्यासारख्यांनी, विशेषतः रक्तदाब वा मधुमेह असणाऱ्यांनी, डॉक्टरांना हृदय दाखवल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. बैठ्या नोकरीतून उठून एकदम चढावर जोर काढणे हा शौक जिवावर बेतू शकतो.

राहिला प्रश्न चढणीचा. माझ्या लहानपणी प्रेसची पाळी सुटली की नाशिक रोडचा रस्ता कामगारांच्या सायकलींनी भरून जाई. आज त्याच रस्त्यावर पहाटे सायकल चालवणे मालमोटारींमुळे धोक्याचे झाले आहे. देवळालीच्या बाजूला माळ पुष्कळ, पण बराचसा लष्कराच्या गोळीबार-क्षेत्रात, तेथे पाऊल टाकता येत नाही आणि टाकूही नये. पांडवलेण्यांचा डोंगर हा पुरातन वारसा, तेथे पायऱ्यांवर भाविक, पर्यटक आणि सायकली यांची सरमिसळ नको. मग हा पोरगा जाणार कोठे? सायकलींच्या नावाने रंगीत पट्टे आखण्यापेक्षा महापालिकेने एखाद्या उघड्या टेकाडावर अर्ध्या किलोमीटरची मुरुमाची चढण राखून ठेवली, पावसाळ्यात तिची धूप रोखण्यासाठी दोन-चार चर खणले आणि सकाळचे दोन तास ती वाहनांना बंद ठेवली, तर खर्च नगण्य येईल. त्यात ना सिमेंट लागते, ना उद्घाटनाचा मांडव. कदाचित म्हणूनच ते अजून कोणाला सुचले नसावे.

माझा विद्यार्थी सध्या मंगळवारी आणि शुक्रवारी गावाबाहेरच्या एका बंद पडलेल्या खाणीच्या वाटेवर चढ-उतार करतो. बाकीचे दिवस हलकी फेरी, आणि रविवारी सायकल भिंतीला टेकवलेली. वर्गात तो आता जागा असतो. पुढची शर्यत हिवाळ्यात आहे.