काम काय करीत होता?



गेल्या श्रावणात आमचे एक जुने स्नेही काचीगुड्यातील आपल्या घराचा जिना चढता चढता मधल्या पायरीवर बसले, ते बराच वेळ उठलेच नाहीत. आम्ही बरोबर होतो. ‘वय झाले, दुसरे काय!’ असे ते म्हणाले आणि आम्हीही मान डोलावली. आमचे ते मान डोलावणे आज आम्हांस सलते आहे. त्यांचा श्वास अडविणारे त्यांचे वय नव्हते; पन्नास वर्षांपूर्वी छातीत जाऊन बसलेली ॲस्बेस्टॉसची धूळ होती. त्यांच्याच संमतीने, नाव मात्र वगळून, ही हकीकत आम्ही सांगत आहोत.

हे स्नेही मूळचे नांदेड जिल्ह्यातले. १९५६ साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघाला, तरी पोटापाण्यासाठी या शहराची वाट धरणारी माणसे काही थांबली नाहीत. हेही विशीत इकडे आले आणि एका ठेकेदाराच्या हाताखाली बॉयलर व वाफेचे नळ यांवर ॲस्बेस्टॉसचे लेपन करण्याच्या कामाला लागले. पोत्यातील भुकटी पाण्यात कालवावयाची, हातांनी नळांवर थापावयाची, वरून दोर गुंडाळावयाचा. आणि जुने लेपन काढावयाचे झाले की ते कोरडेच खरवडावयाचे. संध्याकाळी घरी येत तेव्हा कपडे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे असत. आठ वर्षांनी ते काम सुटले. पुढे त्यांनी किराणा दुकान काढले आणि तीस वर्षे सचोटीने चालविले.

घोटाळा झाला तो येथे. दवाखान्यात धंदा विचारला की ते सांगत, ‘दुकानदार’. उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. मग कोणी दम्याचा पंप दिला. कोणी थुंकीत जंतू सापडले नसतानाही क्षयाची औषधे सुरू केली. दीड वर्ष असे गेले. अखेर एका तरुण श्वसनरोगतज्ज्ञाने पाठीला नळी लावली आणि फुप्फुसांच्या तळाशी बारीक करकर ऐकून विचारले, ‘दुकान से पहले क्या काम करते थे, साब?’ आमचे स्नेही क्षणभर गप्प राहिले. उत्तर दिले ते वहिनींनी. त्या कपड्यांची धूळ त्यांनीच आठ वर्षे झटकली होती.

हा प्रश्न नवा नाही. इटलीतील वैद्य रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला विचारावयाच्या जुन्या प्रश्नांत आणखी एकाची भर घालावी, असे त्यांनी त्यात सुचविले : तुमचा धंदा कोणता? तीनशे वर्षे उलटली, तरी गर्दीच्या दवाखान्यात हाच प्रश्न राहून जातो. आणि ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत तर आज काय करता एवढे विचारून भागत नाही. जन्मभर काय काय केले, ते विचारावे लागते.

याचे कारण या धुळीच्या स्वभावात आहे. तिचे तंतू डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक असतात, आणि फुप्फुसात खोल गेले की शरीराला ते सहजी बाहेर टाकता येत नाहीत. फुप्फुस हळूहळू घट्ट व कडक होत जाते, हा ॲस्बेस्टॉसिस. त्याची लक्षणे दिसू लागण्यास बहुधा दहा-वीस वर्षे, कित्येकदा त्याहूनही अधिक काळ लागतो. फुप्फुसाचा कर्करोगही यातून उद्भवतो. फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग तर तीस-चाळीस वर्षांनी डोके वर काढतो. ही दूरची गोष्ट मानू नये. मुंबईतील एका ॲस्बेस्टॉस गिरणीतील कामगारांची डॉ. मुरलीधर व विजय कान्हेरे यांनी केलेली पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. तीत तपासलेल्यांपैकी दर पाचांत सुमारे एकाला ॲस्बेस्टॉसिस आढळला. आपले हैदराबाद तर सिमेंटच्या पत्र्यांच्या धंद्याचे जुने केंद्र. आपल्या घरांतून कोणी पत्र्यांच्या कारखान्यात, कोणी बॉयलरवर, कोणी मोटारींच्या ब्रेकच्या कामावर आयुष्याची उमेदीची वर्षे काढली आहेत.

मग डॉक्टर शोधावा कसा? नुसती मोठी पाटी पाहून जाऊ नये. श्वसनरोगात एम.डी. किंवा डी.एम. झालेले, आणि फुप्फुस कडक होण्याच्या विकारांचे रोगी नेहमी पाहणारे तज्ज्ञ हवेत. साधा एक्स-रे आरंभीच्या अवस्थेत फसवू शकतो. म्हणून बारीक छेदांचा सीटी स्कॅन, श्वासाची ताकद मोजणारी स्पायरोमेट्री आणि रक्तात वायू किती शिरतो हे पाहणारी चाचणी या तिन्हींची सोय तेथे आहे ना, हे विचारावे. एर्रागड्ड्याचे छातीच्या रोगांचे सरकारी रुग्णालय आणि पंजागुट्ट्याचे निम्स ही नावे हैदराबादकरांना सांगावयास नकोत. विमा योजनेत असलेल्या कामगारांसाठी सनतनगरला राज्य विमा महामंडळाचे रुग्णालय आहे. छातीत पाणी झाले असेल किंवा गाठ दिसत असेल, तर कर्करोगतज्ज्ञाकडे जाण्यास विलंब लावू नये.

परंतु तज्ज्ञ सापडला तरी निम्मे काम आपल्याच घरी व्हावयाचे असते. एका कागदावर पहिल्या नोकरीपासून सगळी कामे लिहून काढावीत : कोणत्या वर्षी, कोठे, हाताने नेमके काय केले, धूळ किती उडे, तोंडाला फडके बांधीत होता की नाही. जुने एक्स-रे टाकून देऊ नयेत. आपली वडीलधारी मंडळी घरात मराठी बोलतात आणि डॉक्टरांचे बोलणे तेलुगु, हिंदी किंवा इंग्रजीत चालते. या फेऱ्यात नेमकी हीच माहिती गळून पडते. म्हणून मुलाने अथवा सुनेने तो कागद इंग्रजीत उतरवून बरोबर न्यावा, आणि केसपेपरवर ‘ॲस्बेस्टॉसशी संपर्क’ अशी नोंद करण्याची विनंती करावी.

ही नोंद पुढे नुकसानभरपाईच्या कामीही येते. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल दिला. कामगाराच्या प्रकृतीची नोंद कामाच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर जपून ठेवण्याचे बंधन त्याने कारखान्यांवर घातले. ज्यांनी कारखान्यात काम केले त्यांनी ती नोंद मागावी. आमच्या स्नेह्यांपाशी मागण्यासारखे काहीच नव्हते; ठेकेदाराच्या वहीत त्यांचे नाव तरी होते की नाही, देव जाणे.

कडक झालेले फुप्फुस पूर्ववत होत नाही, हे आम्ही लपवीत नाही. तरीही निदानाला मोल आहे. क्षयाची औषधे थांबली. फ्लू आणि न्यूमोनिया यांच्या लसी टोचून झाल्या, श्वासाचे व्यायाम सुरू झाले, गरजेपुरता प्राणवायू घरी आला. आणि सर्वांत मोठी गोष्ट, बिडी सुटली. ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो, हे त्यांना तोवर कोणी सांगितलेच नव्हते. ‘हे चाळीस वर्षांपूर्वी कळले असते, तर त्याच दिवशी बिडी फेकली असती,’ असे ते आम्हांस म्हणाले. आमच्यापाशी उत्तर नव्हते.

जाता जाता डॉक्टरांनी वहिनींचाही एक्स-रे काढावयास सांगितला. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या घरातील माणसांनाही मेसोथेलिओमा गाठतो, हे लंडनमधील एका पाहणीने १९६५ सालीच दाखविले होते. ‘मी कुठे कामाला गेले होते?’ असे म्हणून वहिनी हसल्या, पण गेल्या. सुदैवाने त्यांच्या छातीत काही निघाले नाही.

वाचकहो, आज रात्री जेवणे झाल्यावर घरातील वृद्धांजवळ घटकाभर बसावे आणि विचारावे : बाबा, दुकानाच्या आधी, नोकरीच्या आधी, अगदी आरंभी आपण काम काय करीत होता? चाळीस वर्षांच्या स्नेहात आम्ही हे एकदाही विचारले नाही.